उत्तरेकडील चार देशांचा बेत

युरोपच्या नकाशावर अगदी वरच्या अंगास डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे व फिनलंड हे चार देश एका वितीत मावतात. चौघांसही एकच शेंगेन व्हिसा चालतो, आणि एका देशातून दुसऱ्यात जाताना सामान्यतः कोणी अडवीत नाही; क्वचित पासपोर्ट विचारतात, म्हणून तो हाताशी ठेवावा इतकेच. हा प्रवास म्हणजे जणू एखाद्या वाड्याच्या चार चौकांतून हिंडून येणे, असे नकाशा पाहणारास वाटले तर नवल नाही. आमचा भाचा नोकरीनिमित्त स्वीडनमधील माल्मो शहरी असतो. गेल्या दिवाळीत त्याने, ‘उन्हाळ्यात सर्वांनी या, मोटारीने चारही देश पाहू,’ असे कळविले, आणि तेव्हापासून आमच्या घरी जेवणाच्या पंगतीस दुसरा विषय उरला नाही.

बेत म्हटला की घरात जितकी माणसे तितके देश. मुलांस डेन्मार्क हवा होता, कारण बिलुंड येथील लेगोच्या ठोकळ्यांची नगरी १९६८ पासून बालगोपाळांस वेड लावीत आली आहे. सौभाग्यवतींचा ओढा नॉर्वेच्या फ्योर्डांकडे, म्हणजे डोंगरांच्या उभ्या कड्यांमधून कोसच्या कोस आत घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांकडे. भाच्याचा आग्रह असा की, गाडी काढावी ती थेट नॉर्डकापला, उत्तर टोकाच्या कड्यावरच, न्यावी. वडिलांनी मात्र कोणत्याच देशाचे नाव घेतले नाही. “न मावळणारा सूर्य एकदा पाहावयाचा आहे,” एवढेच ते म्हणाले. त्यांचे वय ७६, गुडघे दुखरे. ‘पुढच्या खेपेस पाहू’ हे वाक्य ज्या वयात उच्चारवत नाही, त्या वयाची ही इच्छा असल्यामुळे आम्ही तीच बेताची आढी मानली व बाकीचे वासे तिच्यावर रचावयाचे ठरविले.

ह्या इच्छेचे मूळ लोकमान्यांच्या ग्रंथात आहे. ‘दि आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०३ साली पुण्यास प्रसिद्ध झाला. ऋग्वेदात उषेची जी वर्णने आहेत ती आपल्याकडील घटकाभराच्या पहाटेस लागू पडत नाहीत, अनेक दिवस रेंगाळणाऱ्या ध्रुवप्रदेशीय पहाटेसच लागू पडतात, असे त्यांचे प्रतिपादन. आजचे संशोधक हा सिद्धांत मानीत नाहीत, आणि वडीलही आता मानीत नाहीत. परंतु विद्यार्थिदशेत वाचलेल्या ग्रंथाने मनात जे चित्र उमटविले ते सिद्धांत गेला तरी पुसले जात नाही. खरे पाहता ती दीर्घ उषा उन्हाळ्यात दिसावयाची नाही. ती येते ध्रुवावरील लांबलचक रात्र संपताना. उन्हाळ्यात दिसतो तो क्षितिजास न टेकता आकाशाच्या कडेने प्रदक्षिणा घालणारा सूर्य. हे वडिलांस पक्के ठाऊक आहे, व त्यांची तक्रार नाही.

आता गणित. माल्मोहून नॉर्डकाप सडकेने सुमारे २,४०० किलोमीटर भरते; मुंबई-दिल्ली अंतराच्या जवळजवळ पावणेदोन पट, आणि हे केवळ जाण्याचे. चारही देशांस वळसा घालून परत यावयाचे तर साडेपाच हजारांच्या घरात आकडा जातो. आम्हांस मिळणारे दिवस चोवीस. वडिलांस दिवसाकाठी पावणेतीनशे किलोमीटरांहून अधिक बसविणे नाही, हा वैद्याचा नव्हे तर सौभाग्यवतींचा हुकूम. ह्या हिशेबाने वीस दिवस गाडीतच जातात, व उरलेल्या चारांत चार देश! नॉर्वेत तर मोकळ्या सडकेवरही वेगाची सामान्य मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, आणि वाटेत डोंगर व पाणी आडवे येते ते निराळेच.

सबब नॉर्डकाप प्रथम गळाले. तेथील कडा समुद्रातून ३०७ मीटर उभा आहे, आणि ज्या बेटावर तो आहे तेथे नेणारा १९९९ साली खुला झालेला बोगदा समुद्रसपाटीखाली २१२ मीटर उतरतो. हे सर्व पाहण्याजोगे असेलच. परंतु उत्तरेचे टोक म्हणून ज्याची ख्याती त्याच्या शेजारचा क्निव्हशेलोडन नावाचा सखल दांडा त्याहूनही थोडा अधिक उत्तरेस गेलेला आहे, हे कळल्यावर भाच्याचा आवाज आपोआप खाली आला. सूर्य न मावळण्यासाठी इतके दूर जाण्याचे कारणही नाही. ६६ अंश ३३ कलांचे ध्रुववृत्त ओलांडले की तो दिसू लागतो. फरक पडतो तो किती दिवस दिसतो ह्यात.

आणि येथेच खरी अडचण उभी राहिली. सूर्य ऐन भरात येतो जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. आमच्या शाळा उघडतात जूनच्या मध्यास. मुलगी नववीत, मुलगा सहावीत. प्रवास हेच शिक्षण, असे म्हणून पंधरा दिवस शाळा बुडवावी, हे मत भाच्याने मोठ्या जोराने मांडले. आम्हांस ते पटले नाही. नववीच्या गणिताचे पहिले धडे चुकले म्हणजे त्यांचे ओझे वर्षभर वाहावे लागते, आणि ते वाहावयाचे मुलीने, मामेभावाने नव्हे. मग मे महिन्यातच निघावे काय? परंतु तेव्हा नॉर्वेतील उंच घाटांवर बर्फ असते. ट्रोलस्टिगेन नावाचा अकरा वळणांचा प्रसिद्ध घाट बहुधा मेअखेर किंवा जूनमध्ये उघडतो, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तर दरडींच्या भयाने तो बंदच ठेवावा लागला. एका बाजूस शाळा, दुसऱ्या बाजूस बर्फ, आणि मध्ये वडिलांचा सूर्य, असे दोन रविवार गेले.

तोड निघाली ती आबिस्को ह्या गावाने. स्वीडनच्या उत्तर भागात, सुमारे ६८ अंश २१ कलांवर, तोर्नेत्रेस्क नावाच्या विस्तीर्ण सरोवराच्या काठी हे लहानसे गाव आहे. येथील राष्ट्रीय उद्यान १९०९ सालचे, युरोपातील पहिल्या काहींपैकी. येथे मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळत नाही. म्हणजे १८ मे रोजी घर सोडावे, सावकाश उत्तरेस सरकत जूनच्या आरंभी आबिस्को गाठावे, आणि १० जूनच्या सुमारास पुण्यास परतावे. शाळाही साधते. त्या दिवसांत सरोवरावर बरेचदा बर्फाचा थर असतो, सबब मध्यरात्रीचे ऊन गोठलेल्या पाण्यावर पडलेले पाहावयास मिळण्याचा संभव आहे. थंडी अर्थातच असणार. मात्र उन्हाळा चढला म्हणजे त्या प्रदेशात डासांचे जे थवे उठतात, ते तोवर फारसे जागे झालेले नसतात.

मार्ग येणेप्रमाणे ठरला आहे. कोपनहेगनला उतरून तीन रात्री डेन्मार्कात. बिलुंड दूर पडते म्हणून वगळले. त्याऐवजी रोस्किल्डे येथे, खाडीच्या तळातून १९६२ साली वर काढलेली व्हायकिंगांची पाच गलबते पाहावयाची. मुलगा रुसला होता. परंतु स्टॉकहोमला ‘वासा’ हे युद्धनौकेचे प्रचंड धूड अखंड उभे आहे, ते १६२८ साली पहिल्याच सफरीत बंदराबाहेर पडते न पडते तोच बुडाले व १९६१ साली वर काढले गेले, हे सांगताच तो निवळला. बुडालेल्या जहाजांचे मुलांस इतके प्रेम का असते, कोण जाणे! कोपनहेगनहून माल्मोस जाताना आधी चार किलोमीटर समुद्राखालच्या बोगद्यातून, मग एका कृत्रिम बेटावरून, आणि शेवटी सुमारे आठ किलोमीटरांच्या पुलावरून जावे लागते. हा रस्ता २००० साली खुला झाला.

स्टॉकहोमच्या पुढे हजार किलोमीटर डाव्या हातास अरण्य व उजव्या हातास बोथ्नियाचे आखात. हा भाग आम्ही चार दिवसांत उरकणार आहो. त्याच्या शेवटी हापारांडा. येथे तोर्ने नदीच्या एका अंगास स्वीडनचे हापारांडा व दुसऱ्या अंगास फिनलंडचे तोर्निओ अशी जोडगावे आहेत. १८०९ साली स्वीडनला फिनलंड रशियाच्या हवाली करावे लागले, तेव्हा सीमा नदीवर आली व जुने तोर्निओ पलीकडे गेले. त्याची उणीव भरून काढण्यासाठी अलीकडे हापारांडा वसविले गेले. आज दोहोंमध्ये चालत जाता येते, परंतु घड्याळात एका तासाचे अंतर आहे. अलीकडे दहा वाजले की पलीकडे अकरा. चौथा देश पाहिला असे म्हणावयास एक रात्र फिनलंडात काढावी, ही मुलांची मागणी येथे मान्य झाली.

पण ह्या नदीचे खोरे पाहावेसे वाटते ते त्याहून मोठ्या कारणाने. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे की निमुळती, हा वाद अठराव्या शतकात युरोपात पेटला होता. तो मिटविण्यासाठी १७३६ साली मोपेर्त्यूई हा फ्रेंच गणिती ह्या खोऱ्यात आला, आणि त्याच्याबरोबर, ज्याच्या नावाचे अंश आपण हवेचे तापमान सांगताना उच्चारतो, तो स्वीडनचा ज्योतिर्विद सेल्सिअसही होता. टेकड्यांवर खुणा उभारून त्यांनी कोन मोजले आणि हिवाळ्यात गोठलेल्या नदीवर लाकडी काठ्या टाकून पायाची रेषा मापली. येथील एक अंशाची लांबी फ्रान्समधील अंशाहून अधिक भरली व पृथ्वी ध्रुवांकडे चपटी ठरली. त्या टेकड्यांपैकी आवासाक्सा ही फिनलंडच्या बाजूस आहे, आणि वर मोटार जाते. वडिलांच्या गुडघ्यांस ही टेकडी झेपेल, आणि नववीच्या भूमितीसही ती उपयोगी पडेल.

तेथून किरुना. लोखंडाच्या खाणीने जमीन खचू लागल्यामुळे हे अख्खे शहरच थोडे थोडे करून सरकविले जात आहे. १९१२ सालचे तेथील लाकडी चर्च २०२५ च्या ऑगस्टमध्ये चाकांच्या गाड्यांवर चढवून सुमारे पाच किलोमीटर दूर नेले. वजन ६७२ टन. उजनीच्या जलाशयात बुडालेले पळसदेवचे देऊळ ज्यांनी उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर पाहिले आहे, त्यांस ह्या बातमीने काय वाटले असेल ते सांगावयास नको. हा सगळा मुलूख मुळात सामी लोकांचा. सीमा आखल्या गेल्या त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचे रेनडियरांचे कळप येथून तेथे चरत जात. १७५१ च्या सीमातहात कळपांस पलीकडे नेण्याचा त्यांचा हक्क लेखी मान्य केला होता. रेनडियर आजही सडकेवर येऊन निवांत उभे राहतात. शिंग वाजवून भागत नाही, थांबावे लागते.

आबिस्कोस तीन रात्री. मग खाली नॉर्वेतील नार्विक, आणि समुद्राच्या कडेने दक्षिणेस त्रॉनहाइम, ऑस्लो व माल्मो. ह्या वाटेवर हमरस्ताच एके ठिकाणी फ्योर्डाच्या पाण्यात संपतो व मोटारीसह बोटीत चढावे लागते. दाभोळ किंवा जयगडच्या खाडीवर फेरीबोटीची वाट पाहिलेल्या कोकण्यास त्याचे अप्रूप वाटणार नाही. सौभाग्यवतींचे फ्योर्ड येथे यथेच्छ आहेत. बर्गन मात्र गाळले. तेथे वर्षाकाठी मुंबईच्या तोडीचा पाऊस पडतो, फक्त तो बाराही महिने वाटून पडतो. पाऊस पाहण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. आम्ही परतू तेव्हा तो दारी येऊन उभा असेल. एकंदर अंतर सव्वाचार हजार, चालण्याचे दिवस सोळा, विसाव्याचे आठ.

चालविण्याविषयी दोन शब्द. चारही देशांत वाहने उजव्या बाजूने जातात. स्वीडन १९६७ पर्यंत आपल्याप्रमाणेच डावीकडून चालत असे. ३ सप्टेंबरच्या पहाटे एका रात्रीत साऱ्या देशाने बाजू बदलली. दिवसाही दिवे लावून गाडी हाकावी लागते. आंतरराष्ट्रीय परवाना येथील परिवहन कार्यालयातूनच काढून न्यावा.

शिधा हा सौभाग्यवतींचा प्रांत. मेतकूट, भाजणी, थालीपिठाचे पीठ, पोहे ह्यांस हरकत नाही. परंतु भारतातून दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेण्यास मनाई असल्यामुळे तूप व पेढे घरीच राहणार, आणि ऐन मोसमात हापूसची पेटीही, कारण ताज्या फळांस सरकारी प्रमाणपत्र लागते. तूप नाही म्हणजे मेतकूट-भाताचे काय, हा प्रश्न अनिर्णित आहे. नॉर्वेत दुधाची निवळी आटवून केलेले तपकिरी चीज मिळते, त्याची चव खव्याच्या जवळ जाते, असे भाचा सांगतो. तो दहा वर्षे घराबाहेर राहिलेला आहे, हे लक्षात ठेवून त्याचे ऐकावे.

व्हिसाचा अर्ज ज्या देशात अधिक दिवस राहावयाचे त्याच्याकडे करावयाचा असतो, म्हणून आमचा स्वीडनकडे जाईल. तो सहा महिने आधीपासून करता येतो. किमान तीस हजार युरोंचा आरोग्यविमा सोबत जोडावा लागतो. वडिलांच्या वयास त्याचा हप्ता बराच पडला, तो त्यांनी स्वतःच्या निवृत्तिवेतनातून भरला व त्याविषयी कोणासही बोलू दिले नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी लोकरीचे मोजे आणि उजेडात झोप यावी म्हणून डोळ्यांवर बांधावयाच्या चार काळ्या पट्ट्या आणविल्या. माणसे पाच ना, असे मुलाने विचारले. “मी त्या तीन रात्री झोपणार नाही,” असे त्यांनी सांगितले.