‘बारीकसारीक’ मासे

पाबळच्या माणसाला मासा कळावा कसा? आमची वेळ नदी उन्हाळ्यात कोरडी. आमच्या गप्पांत नदीपेक्षा टँकर जास्त. कर्नल साइक्सचा दख्खनच्या माशांवरचा १८३९ सालचा निबंध मी चाळत होतो, तो निव्वळ कुतूहलापोटी. ‘बार्बस मुस्सुल्ला’पाशी थबकलो. मासा मिळाल्याचं ठिकाण घोड नदी, शिरूर. आमचं तालुक्याचं गाव! इथल्या लोकांच्या तोंडची नावंच साइक्सनं लॅटिनला जोडली होती, त्यातलं हे एक.

पुढची हकीकत आणखी गमतीची. नंतरच्या अभ्यासकांनी हेच नाव कावेरीतल्या कुबडवाल्या महसीरला चिकटवलं. पन्नास किलोंवर भरणारा हा मासा. २०१३ मध्ये मार्कस नाईट आणि सहकाऱ्यांनी साइक्सचं वर्णन पुन्हा तपासलं, तर शिरूरचा मासा महसीर नव्हेच. तो हिप्सेलोबार्बस या वेगळ्या गटातला. मग कावेरीतला कोण? ते २०१८ मध्ये ठरलं: टॉर रेमादेवी. केरळच्या पांबार नदीतून ही जात २००७ सालीच नोंदली गेली होती. ओळख पटली त्याच वर्षी ती अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेली. एवढं मोठं जनावर, गळवाल्यांच्या फोटोंत मिरवलेलं, पण दुसऱ्याच्या नावावर जगलेलं.

राहवेना, म्हणून चिंचणीच्या घोड धरणावर गेलो. काठावर एक भोईमामा जाळं झटकत होते.

“मामा, मुस्सुल्ला गावतो का हो?”

“तसलं नाव नाय ऐकलं. ही चिलापी, ह्यो शिंगटा, ही मरळ. बाकी बारीकसारीक.”

टोपलीत चिलापीच जास्त. मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आणलेली. तिच्या भाईबंदांच्या एकट्या व्हिक्टोरिया सरोवरात शेकडो जाती. आमच्याकडे सगळ्यांना मिळून एक ‘चिलापी’ पुरते. माझं लक्ष मात्र ‘बारीकसारीक’ या शब्दावर अडकलं. याच भीमेच्या खोऱ्यातल्या, पवना आणि नीरेतल्या अशाच चिमुकल्या माशांतून २०१६ साली पेथिया संजयमोलुरी ही नवी जात पुढे आली होती.

मी टोपलीचा तळ ओल्या पोत्यावर ओतला आणि एकेक मासा वेगळा करू लागलो. एकाच्या शेपटीपाशी काळा ठिपका, एकाला मिशा, एकाच्या अंगावर पट्टे. चार ढीग झाले, मग पाच.

मामा हसले. “तांदूळ निवडताय व्हय?”

“हो,” म्हटलं, “आणि खडे अजून एकही नाही.”