दुसऱ्याचे पैसे

बी.कॉम. होऊन चव्वेचाळीस वर्षं झाली, तरी बँकेचं काही वाचायला मिळालं की माझी पोळी तव्यावर करपते.

काल वाचत होते विल्यम शर्मनबद्दल. अमेरिकेच्या लष्करातला कॅप्टन. 1853 मध्ये नोकरी सोडून सॅन फ्रान्सिस्कोत बँकेची शाखा सांभाळू लागला. सोन्याच्या ओढीने वाढलेलं नवं गाव, त्यात याला दमा! फेब्रुवारी 1855 मध्ये तिथली एक मोठी पेढी बुडाली, लोक ठेवी काढायला धावले. शर्मनची बँक टिकली. पुढे 1857 मध्ये शाखा बंद झाली ती वेगळी गोष्ट.

मला भावलं ते निराळंच. लष्करातल्या जुन्या मित्रांनी विश्वासाने त्याच्याकडे पैसे गुंतवायला दिले होते. मंदीत ते बुडाले. कायद्याने बंधन नसताना त्याने स्वतःच्या खिशातून भरपाई केली.

हाच माणूस 1864 मध्ये जॉर्जियातली कोठारं जाळत गेला. त्याला हात जोडवत नाहीत.

पण आमच्या भिशीत एकदा माझ्या चुकीने चारशे रुपये कमी आले, तेव्हा मी ते गुपचूप सगळ्यांवर वाटून टाकले होते. प्रतिक्रमणातही तोंडातून निघालं नाही. वही काढलीय. कोणाचे किती, ते लिहितेय.