मुलगी पळाली

मराठी भाषेतले 'पळणे' हे क्रियापद मोठे पक्षपाती आहे. अमक्याचा मुलगा पळाला म्हटले, तर ऐकणारा विचारतो, "कितवा आला?" फार तर, "शाळेतून की काय?" पण अमक्याची मुलगी पळाली, एवढे नुसते कानावर आले, की बायका तोंडाला पदर लावतात, पुरुष घसा खाकरतात, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "कुणाबरोबर?" ती एकटीच, स्वतःच्या पायांनी, फक्कीच्या एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत पळाली असेल, ही शक्यता आमच्या फुलंब्रीत तरी परवापरवापर्यंत कुणाच्या ध्यानातच येत नसे.

मी शाळेत मराठी शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. म्हणजे माझे पोटही शब्दांवर आणि लोभही शब्दांवरच. त्यामुळे या क्रियापदाची ही वाकडी चाल मला फार दिवस सलत होती. ती सरळ करायला आधी कुणी हात घातला असेल, याचा शोध घेता घेता मला मेरी डिसूझा भेटली. कोशात नव्हे, धावपट्टीवर.

मेरी वांद्र्याची. जन्म १८ जुलै १९३१ चा. एका हाताने हॉकी आणि दोन्ही पायांनी शर्यत, असा तिचा संसार. या दोन्ही खेळांत ती पुढे देशातर्फे खेळली. मार्च १९५१ मध्ये दिल्लीला पहिले आशियाई खेळ भरले. स्वातंत्र्याला तेव्हा चार वर्षेही पुरी झाली नव्हती. त्या खेळांत मुंबईच्या रोशन मिस्त्रीने शंभर मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले, मेरीने दोनशे मीटरमध्ये कांस्य, आणि चौघींच्या रिले शर्यतीत दोघींनी मिळून आणखी एक रौप्य. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकसाठी मेरीची निवड झाली.

निवड झाली खरी, पण जाण्याचा खर्च घरच्यांनी उभा करायचा होता, आणि घरी तेवढा पैसा नव्हता. मग वांद्र्याचे शेजारीपाजारी आणि मित्रमंडळी पुढे सरसावली. कुणी नाचाचा कार्यक्रम ठेवला, कुणी पत्त्यांचे डाव मांडले, आणि त्यातून पैसा जमवू लागले. मला या गोष्टीची फार मौज वाटते. पत्त्यांच्या डावात आजवर किती संसार बुडाले, त्याची गणती नाही; पण इथे तेच पत्ते एका मुलीला सातासमुद्रांपलीकडे शर्यतीला धाडण्यासाठी मांडले गेले!

त्या वर्षी भारताच्या पथकात चार मुली होत्या. डॉली नझीर आणि आरती साहा या दोघी पोहणाऱ्या; त्यातली आरती तर अवघी अकरा वर्षांची. धावपट्टीवर उतरणाऱ्या दोघी : सतरा वर्षांची नीलिमा घोष आणि नुकतीच एकविशी पुरी केलेली मेरी. ऑलिंपिकच्या धावपट्टीवर पाऊल ठेवणाऱ्या या पहिल्या भारतीय स्त्रिया. पदक कुणालाच मिळाले नाही. प्राथमिक फेरीपुढे कुणी गेली नाही. हिशेबी माणूस म्हणेल, मग एवढा खटाटोप केला कशाला? पण ज्या वाटेवर आपल्याकडचे कुणी कधी चाललेलेच नाही, त्या वाटेवर पहिल्या माणसाने उमटवायचे असते ते पाऊल. पदकाचे मागचे बघून घेतात.

आणि मागचे लवकरच आले. १९५४ साली मनिलाच्या आशियाई खेळांत चार गुणिले शंभर मीटर रिलेचे सुवर्णपदक भारताच्या मुलींनी जिंकले. त्या चौघी म्हणजे मेरी डिसूझा, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि ख्रिस्टीन ब्राऊन. रिले ही शर्यत मला सगळ्यांत आवडते. तिथे एकटीच्या वेगाला किंमत नाही. धावत येणाऱ्या मुलीने हातातली दांडी पुढच्या मुलीच्या हातात नेमकी द्यायची. पुढचीने मागे वळून न पाहता हात मागे पसरायचा आणि विश्वासाने पळत सुटायचे. दांडी पडली की चौघींची मेहनत मातीत.

या चौघींतली स्टेफी पुण्याची. मनिलाला ती सतरा वर्षांची होती. १९५८ साली टोकियोच्या आशियाई खेळांत तिने दोनशे मीटरचे रौप्यपदक आणले, १९६३ चा अर्जुन पुरस्कार मिळवला, आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चारशे मीटर धावली. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व कळायला थोडे मागे जावे लागते. १८९६ साली आधुनिक ऑलिंपिक सुरू झाले, तेव्हा त्यात स्त्रियांना जागाच नव्हती. धावण्याच्या शर्यतीत त्यांना घेतले ते थेट १९२८ साली. त्या वर्षी आठशे मीटर धावून काही जणी दमल्या, तर जाणत्या पुरुषांनी एवढा गहजब केला, की ती शर्यतच बंद पडली ती १९६० पर्यंत. चारशे मीटर स्त्रियांसाठी पहिल्यांदा आली १९६४ मध्ये, आणि त्या पहिल्या खेपेलाच पुण्याची स्टेफी तिथे हजर होती. मुलीने पळावे, पण फार लांब पळू नये, हे काही फुलंब्रीच्या आजीबाईंचेच मत नव्हते. सुटाबुटातल्या पंचांचेही तेच होते.

आजीबाईंचे नाव काढले, म्हणून सांगते. आमच्या शाळेत गेल्या वर्षी आठवीत एक मुलगी होती. शेतवस्तीवरून रोज पळत शाळेत यायची. तो तिचा सराव नव्हता, उशीर होता. आईबाप कपाशीत, अद्रकात रोजाने जाणारे. तालुक्याच्या स्पर्धेत ती दोनशे मीटर अनवाणी पळाली आणि पहिली आली. आता जिल्ह्याला, संभाजीनगरला न्यायचे, तर आजी उंबऱ्यात बसलेली.

"बाई, पळून पळून पोरगी जाईन कुठं?"

मी तिला मेरीची गोष्ट सांगितली. शेजाऱ्यांनी जमवलेला पैसा, परदेशचा प्रवास, सोन्याचे पदक, सगळे सांगितले. आजीने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले :

"मंग तिचं लगन झालं का?"

"झालं की," मी म्हणाले, "लेकरंबाळंही झाली."

आजीच्या कपाळावरची निम्मी आठी तिथेच उलगडली. उरलेली निम्मी मुलीच्या आईने काढली. डाळीच्या डब्यात हात घालून तिने भावाने दिलेली भाऊबीजेची ओवाळणी बाहेर काढली आणि खिळ्यांच्या बुटांसाठी माझ्या हातावर ठेवली. कमी पडले ते किराणा दुकानदाराने घातले. शिंप्याने पायजम्याची शिलाई घेतली नाही. पत्त्यांचे डाव मांडले नाहीत एवढेच. बाकी आमच्या आळीचे त्या दिवशी वांद्रेच झाले होते.

गारखेड्याच्या क्रीडा संकुलात अंतिम शर्यतीला आठ जणी होत्या. आमची चौथी आली. मी समजूत घालायला शब्द जुळवत होते, तोवर एसटीने आमच्याबरोबर आलेली आजी म्हणाली, "चौथी म्हंजे मागं किती जणी राह्यल्या?"

"चौघी."

"मंग वाईट काय त्यात?"

पुढच्या आठवडी बाजारात तीच आजी भाजीवालीला ठणकावून सांगत होती, "माझी नात पळाली, जिल्ह्याला!" भाजीवालीने विचारले, "कितवी आली?" मी तिथेच पिशवी घेऊन उभी होते. क्रियापदाची चाल सरळ झालेली इतक्या जवळून पाहण्याचे भाग्य व्याकरण शिकवणाऱ्यांच्या वाट्याला सहसा येत नाही.

मेरीला सरकारने ध्यानचंद पुरस्कार दिला तो २०१३ साली, तिच्या वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. फार उशीर झाला, असे आपण म्हणू. पण तिने पुढे दिलेली दांडी तेवढी वाट पाहत थांबली नव्हती. २०२३ साली हांगझोच्या आशियाई खेळांत भारताच्या चार मुलींनी चार गुणिले चारशे मीटर रिलेचे रौप्यपदक जिंकले. प्रत्येकीने चारशे मीटर; मेरी हेलसिंकीला गेली, तेव्हा ऑलिंपिकमध्ये बायकांना बंद असलेले अंतर. त्या चौघींत ऐश्वर्या मिश्रा ही मुंबईचीच होती.

आमच्या मुलीचे ते बूट आता तिला घट्ट होऊ लागले आहेत. ते कुणाला मिळावेत यावरून सातवीच्या वर्गात आतापासून भांडणे चालू आहेत, आणि मी ती मिटवण्याच्या भानगडीत मुळीच पडत नाही. मात्र यंदाच्या भाऊबीजेला बहिणीला काय द्यावे, असा प्रश्न ज्या भावांना दरवर्षी पडतो, त्यांनी साडीच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वी एक करावे. बहिणीच्या घरी मुलगी असेल, तर तिच्या पायाचे माप घेऊन ठेवावे.