अंगठ्यानं वाजणारा ड्रम

बास गिटारवर स्लॅप शिकायला आलेली मुलं पहिल्याच दिवशी तारेवर जोर काढतात. अंगठा दणकन आपटायचा, तर्जनीनं तार ओरबाडायची आणि खणखणाट झाला की माझ्याकडे बघायचं. त्यांचा दोष नाही. बहुतेकांनी स्लॅप ऐकलेला असतो मोबाइलच्या स्पीकरवर. बास गिटारची सर्वांत जाड तार, म्हणजे ई, मोकळी छेडली तर सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. इतका खालचा सूर मोबाइलच्या स्पीकरमधून बाहेर पडतच नाही. ऐकू येतो तो तार फ्रेटवर आदळल्याचा 'टक्', आणि मुलं त्या 'टक्'चीच नक्कल करतात. म्हणून पहिल्या दिवशी मी त्यांना चांगले हेडफोन लावून तेच गाणं पुन्हा ऐकायला लावतो. आता 'टक्'च्या खाली भरदार सूर असतो, आणि तो सूर कुठेतरी नेमका थांबलेला असतो. तो कुठे थांबतो याकडे कान गेला, की मग शिकवायला सुरुवात करता येते.

या वादनाचा जन्मच ड्रमच्या गैरहजेरीतून झाला. बासवादक लॅरी ग्रॅहम कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये वाढला. आई डेल ग्रॅहम पियानोवर बसून गायची आणि तो तिच्यासोबत क्लबांमध्ये वाजवायचा. साठच्या दशकात त्यांचा ड्रमर सोडून गेला. ती उणीव भरून काढायला लॅरी बास ड्रमच्या जागी अंगठ्यानं तार ठोकू लागला आणि स्नेअरच्या जागी बोटानं तार खेचून सोडू लागला. पुढे तो स्लाय अँड द फॅमिली स्टोन या बँडमध्ये गेला आणि १९६९च्या अखेरीस आलेल्या त्यांच्या 'थँक यू' या गाण्यानं तो ठोका जगभर पोचवला. उभ्या डबल बासवर तर तार खेचून पट्टीवर आपटायची रीत न्यू ऑर्लीन्सच्या जॅझवाल्यांनी त्याच्या कितीतरी आधी रुळवली होती. १९५४ साली मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्विस प्रेस्लीनं 'दॅट्स ऑल राइट' ध्वनिमुद्रित केलं, तेव्हाही ड्रमर नव्हताच. दोन गिटारींच्या जोडीला बिल ब्लॅकचा डबल बास होता आणि ठेका त्यानंच सांभाळला.

हा इतिहास मी मुलांना मुद्दाम सांगतो. स्लॅप हे आधी तालवाद्याचं काम आहे आणि मग सुरांचं, हे एकदा मनात बसलं की सराव कसा करायचा ते आपोआप ठरतं. दिखाव्याची करामत म्हणून शिकणारे वेगाच्या मागे लागतात आणि वर्षभरानंतरही त्यांच्या वाजवण्यावर कुणाला पाय हलवावासा वाटत नाही.

आता प्रत्यक्ष हाताकडे येऊ. फ्रेटबोर्ड जिथे संपतो तिथे, शेवटच्या फ्रेटच्या आसपास, अंगठ्याच्या सांध्याजवळची हाडाची कड तारेवर पडायला हवी. तार तिथल्या फ्रेटवर आदळते आणि लगेच सुटते. अंगठा क्षणभर जरी तारेवर रेंगाळला तरी सूर तिथेच मरतो आणि हाती फक्त 'टक्' उरतो. त्यामुळे अंगठा पडतो किती जोरात यापेक्षा उठतो किती चटकन, ते मी बघतो. हालचाल कोपराच्या पुढच्या हाताची, कुलपात किल्ली फिरवावी तशी. खांद्यानं यात पडायचं नाही. अंगठा खाली येतो त्याच वेळी तर्जनीचं टोक डी किंवा जी तारेखाली शिरलेलं असतं. हात उलटा फिरला की तार खेचली जाते, वेगळा झटका लागत नाही. बोट मात्र पेरभर आत घालायचं नाही, टोकाचं मांस तारेखाली गेलं तरी पुरतं. बोट खोल गेलं की तार अडकते आणि लय मागे पडते.

लहानपणापासून ढोलकी वाजवलेला एक मुलगा माझ्याकडे शिकत होता. अंगठा उचल, हे त्याला कधी सांगावंच लागलं नाही. ठोका देऊन हात मोकळा करणं त्याच्या अंगात मुरलेलं होतं. तरीही त्याचं वाजवणं गढूळ यायचं. मी त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं, तर एक बोट सुरावर आणि बाकीची तीन हवेत. ए तारेवर ठोका पडला की शेजारच्या तारा आपसूक गुणगुणायच्या. मोकळी बोटं सगळ्या तारांवर हलकेच आडवी टेकवायला सांगितली आणि त्याच मिनिटाला आवाज स्वच्छ झाला. स्लॅपमध्ये निम्मं काम डावा हात करतो. ते दिसत नाही, म्हणून कुणी त्याची उस्तवार करत नाही.

यासाठी मी एकच सराव देतो आणि त्यावर आठवडेच्या आठवडे थांबतो. मेट्रोनोम ६० वर. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी अंगठ्यानं पहिल्या ठोक्यावर वाजवायचा आणि दुसऱ्या ठोक्यावर डाव्या बोटाचा दाब सैल करून थांबवायचा. बोट तारेवरून उचलायचं नाही, नुसतं ढिलं सोडायचं. जमलं की सूर अर्ध्या मात्रेवर थांबवायचा, मग पाव मात्रेवर. त्यानंतर डी तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा वरचा जी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर खेचायचा. हाच स्नेअर. मधल्या जागांत डाव्या हाताची बोटं हलकेच टेकवून बंद केलेल्या तारेवर अंगठ्याचे सूरहीन ठोके भरायचे, ज्यांना आम्ही घोस्ट नोट म्हणतो. हे मुख्य ठोक्यापेक्षा स्पष्टपणे हळू हवेत. सगळेच ठोके सारखे पडले तर ग्रूव्ह सपाट होतो. हे सगळं बसलं की मेट्रोनोम बंद करून वर्गातल्या इतरांना टाळ्या द्यायला सांगतो. टाळी न सांगता दोनवर आणि चारवर पडली, की वाजवणाऱ्याला पुढचा धडा मिळतो.

मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखलं तर त्या दिवसापुरतं वाद्य खाली ठेवायचं. दुखणं अंगावर काढून हात कमावता येत नाही. पट्टाही असा बांधायचा की बसून आणि उभं राहून बास एकाच उंचीवर राहील. लेव्हल ४२ या बँडचा मार्क किंग बास छातीशी धरतो, त्याची कुणी चेष्टा करू नये.

वाद्याकडेही लक्ष हवं, विशेषतः मुंबई-कोकणच्या हवेत. पावसाळ्यात नेकचं लाकूड ओल धरतं, नेकचा बाक बदलतो आणि तारांची उंची हलते. परवा सहज खेचली जाणारी तार आज अडखळली तर आधी नेक तपासा, मग स्वतःला दोष द्या. नेकचा बाक सुधारणारा ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. बाराव्या फ्रेटवर ई तारेची उंची दोन मिलिमीटरच्या आसपास असेल तर स्लॅपला हात मोकळा राहतो. तारा राउंडवाउंडच हव्यात, कारण स्लॅपच्या आवाजातली चकाकी फ्लॅटवाउंडमधून निघत नाही. वाजवून झालं की सुती फडक्यानं त्या पुसा. आपल्याकडच्या घामानं नवी तार फार लवकर बोथट होते.

आजकाल सगळ्यांना पहिल्या महिन्यातच डबल थंबिंग हवं असतं. व्हिक्टर वूटन अंगठा तारेच्या पार नेऊन खालच्या तारेवर टेकवतो आणि परत येताना तीच तार वरच्या दिशेनं वाजवतो. एका हालचालीत दोन ठोके. मुंबईत वाढलेल्या बासवादक मोहिनी डेचा वेग पाहिलेली मुलं तर घाईलाच येतात. मी त्यांना तिचंच वाजवणं निम्म्या वेगानं ऐकवतो आणि प्रत्येक सूर कुठे संपतो ते कागदावर मांडायला लावतो. ज्याला लुई जॉन्सनचा 'स्टॉम्प!'मधला बास धिम्या लयीत, एकही तार न गुणगुणता धरता येतो, त्याला डबल थंबिंग शिकवायला मला फार वेळ लागत नाही.