पारख किती, नशीब किती?

मार्च २०२१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनायनर्स या अमेरिकन फुटबॉल संघाने मायामी डॉल्फिन्सशी एक सौदा केला. कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, म्हणजे ड्राफ्टमधला, आपला बारावा क्रमांक, पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या निवडी आणि वर तिसऱ्या फेरीतली एक निवड देऊन त्यांनी मायामीचा तिसरा क्रमांक घेतला आणि त्यावर ट्रे लान्स हा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू, उचलला. लान्सला तिथे सुरुवातीच्या संघात चारच सामने मिळाले आणि ऑगस्ट २०२३मध्ये चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात त्याची डॅलसला रवानगी झाली. मधल्या काळात, २०२२मध्ये, त्याच कचेरीतल्या त्याच माणसांनी अख्ख्या ड्राफ्टमधली शेवटची, म्हणजे २६२वी निवड ब्रॉक पर्डी या क्वार्टरबॅक पोरावर खर्ची घातली होती. शेवटच्या खेळाडूची थट्टा करायची तिकडे रीतच आहे. त्या सप्टेंबरमध्ये लान्सचा घोटा मोडला, डिसेंबरमध्ये त्याच्या जागी आलेल्या जिमी गारोपोलोचं पाऊल मोडलं (तेही नेमकं मायामीविरुद्धच्या सामन्यात!) आणि बाकावरचा पर्डी मैदानात उतरला. चौदा महिन्यांनी तो सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, खेळत होता आणि २०२५मध्ये त्याने पाच वर्षांसाठी २६.५ कोटी डॉलरच्या करारावर सही केली.

मी संख्याशास्त्राचा अभ्यासक. खेळातल्या आकड्यांत नशीब कुठे संपतं आणि कसब कुठे सुरू होतं, हा माझा विषय. त्या दृष्टीने एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टइतकी उत्तम प्रयोगशाळा दुसरी नाही. आयपीएलसारखा तिथे लिलाव नसतो. आदल्या हंगामात जो संघ तळाला असेल त्याला पहिली निवड, विजेत्याला शेवटची, अशा सात फेऱ्यांत बत्तीस संघ कॉलेजच्या खेळाडूंची वाटणी करून घेतात. १९३६पासून ही पद्धत चालू आहे. पगाराची एकूण मर्यादा सगळ्या संघांना सारखीच, त्यामुळे पैसा ओतून संघ उभारता येत नाही. पहिल्या चार वर्षांत स्वस्तात राबणारे चांगले नवखे ज्याला मिळाले, त्याचं फावतं. साहजिकच ज्याचा ड्राफ्ट फळला त्या जनरल मॅनेजरच्या नजरेचे पोवाडे गायले जातात. माझं म्हणणं असं की ही नजर खोटी नाही, पण ती बत्तीसही संघांकडे जवळपास सारखीच आहे. कसब सगळ्यांकडे सारखं असलं की निकालात उरतो तो फरक बहुतांशी नशिबाचा असतो.

याला आधार काय? केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हेच ते २०१७चे अर्थशास्त्राचे नोबेलविजेते) यांनी ड्राफ्टचा सविस्तर अभ्यास केला. एकाच जागेवर खेळणारे दोन खेळाडू घ्या, एक आधी निवडला गेलेला आणि दुसरा त्याच्या लगेच नंतरचा. आधीचा पुढे जास्त सामन्यांत सुरुवातीच्या संघात दिसेल, असं किती वेळा घडतं? त्यांचं उत्तर होतं, सुमारे ५२ टक्के वेळा. नाणं उडवलं तर ५० टक्के. यावर लगेच आक्षेप येतो की पहिल्या फेरीतले खेळाडू सहाव्या फेरीतल्यांपेक्षा सरासरीने कितीतरी सरस ठरतात, मग खेळाडू हेरणाऱ्या स्काउटांना काही कळत नाही असं कसं म्हणता? आक्षेप रास्त आहे आणि मी तसं म्हणतही नाही. स्काउटांना पुष्कळ कळतं. पण त्यांना जे कळतं ते सगळ्यांनाच कळतं. इंडियानापोलिसच्या कम्बाइन नावाच्या चाचणीत चाळीस यार्डांची धाव सगळेच मोजतात, कॉलेजच्या सामन्यांची चित्रफीत सगळेच पाहतात. या सामायिक ज्ञानामुळे रांग साधारण बरोबर लागते. रांगेत शेजारी उभ्या असलेल्या दोघांतला कोण सरस, हे ओळखण्यात एका संघाला दुसऱ्यावर मात करता येत नाही आणि प्रत्यक्षात निवड नेमकी तिथेच करायची असते.

आता थोडा हिशोब करू. समजा, ड्राफ्टमधला प्रत्येक खेळाडू पुढे संघाचा नेहमीचा खेळाडू बनण्याची शक्यता एक-तृतीयांश आहे आणि प्रत्येक संघ सात जणांना निवडतो. कसबाचा फरक शून्य धरू. बत्तीसही संघ डोळे मिटून चिठ्ठ्या उचलतात असं मानू. तरी सातपैकी पाच किंवा जास्त खेळाडू चमकण्याची शक्यता साडेचार टक्के निघते, म्हणजे दरवर्षी बत्तीसांतल्या एखाद-दुसऱ्या संघाला हा योग येणारच. सातच्या सात फुकट जाण्याची शक्यता सहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साधारण दोन संघ कोरडे राहणार. पहिल्या संघाचा मॅनेजर द्रष्टा ठरेल, दुसऱ्याची नोकरी जाईल, आणि दोघांनी केलेलं काम एकच असेल. बरं, एखाद्याकडे खरंच जास्त कसब आहे, त्याची शक्यता तेहतीसऐवजी चाळीस टक्के आहे असं धरा. दहा वर्षांतल्या सत्तर निवडींत त्याचे अठ्ठावीस खेळाडू यशस्वी होतील, इतरांचे तेवीस. निव्वळ योगायोगाने या आकड्यात चार इकडे, चार तिकडे सहज होतात. म्हणजे दहा वर्षांनीही त्याचं कसब आपल्याला खात्रीने दिसणार नाही. आणि या धंद्यात दहा वर्षं खुर्ची टिकते कुणाची?

‘मग न्यू इंग्लंड पेट्रियट्सचं काय?’ हा प्रश्न हमखास येतो. २०००च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत १९९व्या क्रमांकावर त्यांनी टॉम ब्रेडी घेतला आणि त्याने त्यांना सहा सुपर बोल जिंकून दिले. पण ब्रेडीच्या आधी पेट्रियट्सनी स्वतःच सहा खेळाडू निवडले होते. ब्रेडी काय चीज आहे हे त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी त्याला १९८ जणांपर्यंत बाहेर ठेवलं असतं का? २००१मध्ये संघाचा नेहमीचा क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जबर जखमी झाला नसता, तर ब्रेडीला संधी कधी मिळाली असती कोण जाणे. ब्रेडीला निवडणाऱ्या त्याच प्रशिक्षक बिल बेलिचिकच्या राजवटीत २०१९मध्ये पहिल्या फेरीत निकील हॅरी निवडला गेला, तेव्हा पुढे त्याच्याहून कितीतरी सरस ठरलेले डीबो सॅम्युअल, ए. जे. ब्राउन आणि डीके मेटकाफ हे तिघेही उपलब्ध होते. सिएटलचं उदाहरण मला याहून बोलकं वाटतं. प्रशिक्षक पीट कॅरल आणि जनरल मॅनेजर जॉन श्नायडर यांनी २०१० ते २०१२ या तीन ड्राफ्टमध्ये अर्ल थॉमस, पाचव्या फेरीतले कॅम चॅन्सेलर आणि रिचर्ड शर्मन, मग बॉबी वॅग्नर आणि तिसऱ्या फेरीतला रसेल विल्सन अशी रास लावली आणि फेब्रुवारी २०१४मध्ये सुपर बोल जिंकला. २०१२च्या त्या ड्राफ्टला तेव्हा अनेक जाणकारांनी नाकं मुरडली होती. पुढची काही वर्षं तीच जोडी, तीच पद्धत आणि ड्राफ्ट मात्र बेताचे. तीन वर्षं आलेली दृष्टी चौथ्या वर्षी गेली कुठे?

यापेक्षा वजनदार आक्षेप दुसरा आहे: खेळाडू निवडला जातो तेव्हा तो अर्धाच तयार असतो, उरलेला संघ घडवतो. २००५मध्ये अ‍ॅलेक्स स्मिथ पहिला निवडला गेला आणि एका विस्कळीत संघात त्याच्यावरचे प्रशिक्षक वारंवार बदलत राहिले. त्याच वर्षी चोविसाव्या क्रमांकावर निवडला गेलेला अ‍ॅरन रॉजर्स ग्रीन बे संघात तीन वर्षं अनुभवी क्वार्टरबॅक ब्रेट फार्वच्या मागे निवांत शिकत बसला. दोघांची अदलाबदल झाली असती तर काय घडलं असतं, हे कुणीच सांगू शकणार नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्याने माझंच म्हणणं पक्कं होतं, कारण हे श्रेय शिकवणाऱ्याचं आहे, ड्राफ्टच्या खोलीत बसलेल्या पारख्याचं नव्हे.

मग त्या खोलीत कसबाला जागाच नाही का? आहे, पण भलत्याच कोपऱ्यात. १९९०च्या सुमारास डॅलस काउबॉइजच्या जिमी जॉन्सन यांच्या कारकिर्दीत निवडींच्या किमतींचा एक तक्ता तयार झाला आणि पुढे सगळ्या लीगने तो प्रमाण मानला. त्यात पहिल्या निवडीला ३००० गुण आहेत, बत्तिसाव्या निवडीला ५९०. म्हणजे एका पहिल्या निवडीच्या बदल्यात बत्तिसाव्याच्या तोडीच्या पाच निवडी मागता येतात. पहिला खेळाडू पाचांना भारी पडतो असं इतिहास सांगत नाही. मॅसी-थेलर यांचा निष्कर्षही हाच होता की वरच्या निवडींचे भाव अवाच्या सवा लागतात. तेव्हा शहाणा संघ वरचा क्रमांक विकून खालचे चार घेतो. करार संपलेले खेळाडू दुसरीकडे जाऊ देतो आणि त्यांच्या मोबदल्यात लीगकडून भरपाईच्या जादा निवडी पदरात पाडून घेतो. बाल्टिमोर रेव्हन्स वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत. ब्रेडीची १९९वी आणि पर्डीची २६२वी या दोन्ही निवडी अशा भरपाईच्याच होत्या, हे फार जणांच्या ध्यानात नसतं.

‘क्वार्टरबॅकला हा हिशोब लागू नाही, त्याच्यासाठी सर्वस्व पणाला लावायलाच हवं,’ असं ठासून सांगणारे पॅट्रिक माहोम्सचं नाव घेतात. २०१७मध्ये कॅन्सस सिटीने मोठी किंमत मोजून सत्ताविसाव्या क्रमांकावरून दहाव्यावर उडी घेतली आणि त्याला पटकावलं. खरं आहे. पण त्याच संध्याकाळी शिकागो बेअर्सनीही किंमत मोजून दुसरा क्रमांक मिळवला आणि मिच ट्रुबिस्कीला घेतलं. माहोम्स तेव्हा त्यांच्यासमोर मोकळा होता. डाव एकच, दान वेगळं पडलं: माहोम्स फळला, ट्रुबिस्की फसला. जिंकलेल्या डावावरून नियम काढायचा आणि हरलेला डाव मूर्खपणाच्या खाती टाकायचा, हा हिशोब नव्हे. मालकांना मात्र हाच हिशोब आवडतो. खालचे चार क्रमांक घेणाऱ्या मॅनेजरचा फोटो छापून येत नाही, आणि त्या चारांपैकी कोणी चमकला नाही तर आधी त्याचीच गच्छंती होते. म्हणून सगळं कळूनही बहुतेक जण वरच्या क्रमांकामागे धावतात.

मला कुणी जनरल मॅनेजर नेमायला सांगितलं, तर त्याने शोधलेल्या हिऱ्यांची यादी मी बाजूला ठेवीन. गेल्या पाच ड्राफ्टमध्ये त्याच्या हातात किती निवडी होत्या आणि पुढच्या वर्षाची पहिली फेरी त्याने किती वेळा गहाण टाकली, हे दोन आकडे मला पुरेसे आहेत.