आठ दिवस

माझा पहिला पासपोर्ट कोराच संपला. दहा वर्षं तो कपाटात आईच्या शालूखाली पडून होता. मुदत संपल्यावर मी नवा काढायला गेले, तेव्हा खिडकीपलीकडच्या तरुण कारकुनाने जुना पासपोर्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला आणि विचारलं, "बाई, कुठंच गेला नाहीत?" त्याच्या स्वरात कुत्सितपणा मुळीच नव्हता. पण तीन तास परीक्षेला बसून कोरी उत्तरपत्रिका देऊन आल्यासारखं मला वाटलं.

न जाण्याचं कारण घरातच होतं. आईचं वय पंच्याऐंशी. दृष्टी अधू, एका पायात जोर नाही. रात्री तिला दोनदा उठवावं लागतं. ह्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. तिने माझ्यासाठी किती रात्री काढल्या, त्याचा हिशेब कुणी ठेवलाय? पण खरं सांगायचं तर, चार-चौघींनी काढलेल्या फोटोंत बर्फाचे डोंगर पाहिले की मनात कुठंतरी कळ उठायची आणि मी मुकाट्याने दुधाखालचा गॅस बंद करायला जायची.

२०२३च्या डिसेंबरात नागपूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, संक्रांतीला मी येते. आठ दिवस राहीन. एक दिवस जास्त नाही, एक दिवस कमी नाही. तू कुठंतरी जाऊन ये. आणि एवढ्यात बरोबर कुणी मिळायचं नाही, तेव्हा एकटीच जा."

"एकटीच" हा शब्द मराठीत किती प्रकारे उच्चारता येतो, ते मला पुढल्या आठवड्यात कळलं. शेजारच्या काकूंनी तो काळजीने उच्चारला, कचेरीतल्या मैत्रिणीने हेव्याने, आणि मावशीने अशा काही सुरात की मी परदेशी नव्हे, पळून निघाले आहे असं ऐकणाऱ्याला वाटावं. आपल्याकडे माणूस काशीला गेला तरी पाच-पन्नासांच्या मेळ्यातून जातो. एकटं निघायचं ते फक्त शेवटच्या प्रवासाला, अशी आपली समजूत! मी मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसले.

आठ दिवस. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीचे पहिल्या दिवशी दिसतात, तसे ते मला अफाट दिसले. मी भराभर गावं मांडली. बँकॉक एक दिवस, हनोई एक दिवस, हालाँगच्या खाडीत नावेतून एक दिवस, मग कंबोडियातलं अंगकोर, तिथून राजधानी नॉम पेन्ह, आणि परतताना जमलं तर सिंगापूर. दर तासाचा रकाना आखला. आगगाडीच्या वेळापत्रकालाही लाज वाटावी असा तो कागद झाला होता.

रात्री तो मी मोठ्या हौसेने आईला वाचून दाखवला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि बसणार कधी?"

"बसायचं कशाला? पाहायला चाललेय मी."

"तेच म्हणते. बसल्याशिवाय पाहणार कशी?"

मी जराशी चिडलेच. पण दुसऱ्या दिवशी त्याच कागदाच्या पाठीवर हिशेब मांडला, तेव्हा आईचं गणित माझ्यापेक्षा पक्कं निघालं. विमानाने एका गावाहून दुसऱ्या गावी तासा-दीड तासात पोचता येतं, हे खरं. पण खोली सोडायची, विमानतळ गाठायचा, दोन तास आधी रांगेत उभं राहायचं, उतरल्यावर पुन्हा शिक्क्याची रांग, पुन्हा सामान, पुन्हा नवी खोली. एका मुक्कामबदलात अर्धा दिवस सहज जातो. पुण्याहून निघून परत येण्यात दोन दिवस मोडणार, उरले सहा. त्यातून पाच मुक्काम बदलायचे म्हणजे अडीच दिवस फक्त बॅग उचलण्यात जाणार. फराळाच्या ताटातला प्रत्येक जिन्नस अर्धा-अर्धा उष्टावून उठायचं आणि चव विचारली की "छान होतं सगळं" म्हणायचं, त्यातली ही गत!

मग मी खोडायला लागले. एकेक गाव खोडताना जीव हळहळत होता. युरोप तर कागदावर आलाच नव्हता. तिथल्या व्हिसाचे कागद निदान पंधरा दिवस आधी द्यावे लागतात, त्यासाठी आधी भेटीची वेळ मिळवावी लागते, आणि माझ्या हाती सारा महिनाच होता. कंबोडियाचा व्हिसा घरबसल्या संगणकावर मिळत होता. शिवाय दुसरं एक कारण होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही. आईला काही झालं तर चोवीस तासांत घरी पोचता येईल, एवढ्याच अंतरावरचं गाव मला हवं होतं. नकाशावर प्रत्येक ठिकाणी बोट ठेवताना मी जाण्याचा नव्हे, येण्याचा रस्ता आधी पाहत होते.

शेवटी कागदावर एकच नाव राहिलं. अंगकोर.

तेच का राहिलं? आमच्या घरी धनत्रयोदशीला दिव्यांत तेल घालता घालता आई समुद्रमंथनाची गोष्ट सांगत असे. मंदार पर्वताची रवी, वासुकीची दोरी, खाली कासव. मग विष, मग लक्ष्मी, आणि शेवटी कलश घेऊन आलेला धन्वंतरी. वर्षानुवर्षं तीच गोष्ट, त्याच शब्दांत. बाराव्या शतकात राजा दुसरा सूर्यवर्मन याने बांधायला घेतलेल्या अंगकोर वाटच्या विष्णुमंदिरात हीच गोष्ट जवळजवळ ४९ मीटर लांबीच्या भिंतीवर कोरलेली आहे, हे मी कधीतरी वाचलं होतं. आईला म्हटलं, "तुझ्या गोष्टीचं गाव पाहून येते." ती म्हणाली, "माझी कसली? जगाची आहे ती."

गाव एकच ठरल्यावर आखणीत गंमत वाटू लागली. अंगकोरचे पास तीन प्रकारचे : एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२ आणि सात दिवसांचा ७२. तीन दिवसांचा पास सलग वापरावा लागत नाही. दहा दिवसांतले कुठलेही तीन चालतात. म्हणजे मधे एक दिवस नुसतं बसून राहायची सोय सरकारनेच केलेली! शिवाय संध्याकाळी पाचच्या सुमाराला पास घेतला, तर तो दुसऱ्या दिवसापासून मोजतात आणि त्या संध्याकाळचा सूर्यास्त वरकड मिळतो. भाजीवाल्याने कोथिंबिरीची काडी वर टाकावी तसा आनंद मला झाला.

मंदिराच्या मधल्या उंच भागावर बौद्ध उपोसथाच्या दिवशी चढू देत नाहीत. हे दिवस चंद्राच्या कलांवर ठरतात. मी इंग्रजी तारखा शोधत बसले, तर आई म्हणाली, "भिंतीवरचं पंचांग बघ की!" १८ जानेवारीला पौष शुद्ध अष्टमी होती. आम्ही ती आणि तिच्या मागचा-पुढचा दिवस सोडून वर चढायचा दिवस ठरवला. फाटक्या, चुरगळलेल्या डॉलरच्या नोटा तिकडे घेत नाहीत, म्हणून आईने माझ्या नोटा पोथीच्या पानांत ठेवायला लावल्या. घरबसल्या तीही तयारीला लागली होती.

निघायच्या आदल्या रात्री फ्रीजवर दोन कागद होते. एक माझ्या प्रवासाचा, पाच ओळींचा. दुसरा बहिणीसाठी, आईच्या औषधांचा, दोन्ही बाजूंनी भरलेला. त्या दोन कागदांकडे पाहून माझा धीर सुटला. "नाही जात," मी म्हणाले. बहीण काही बोलली नाही. तिने फक्त औषधांचा कागद काढला आणि घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवला. फ्रीजवर माझ्या पाच ओळी तेवढ्या राहिल्या. मग जाणं भागच होतं.

मुंबईहून बँकॉक, तिथे विमान बदलून सियाम रीप. २०२३च्या ऑक्टोबरात सुरू झालेला नवा विमानतळ गावापासून बराच दूर. तिथून भाताच्या खाचरांमधून गाडी निघाली तेव्हा मला कोकणच आठवलं. पहिल्या रात्री खोलीत मी दार दोनदा ओढून पाहिलं आणि मध्यरात्री सवयीने दोनदा उठून बसले. उठवायला शेजारी कुणी नव्हतं.

पहाटे सगळे प्रवासी पश्चिमेच्या तळ्याकाठी गर्दी करतात. शिखरांमागून उगवणारा सूर्य तिथून दिसतो. मी मात्र उजाडताच मंदिराच्या पूर्वेच्या ओवरीत गेले, कारण मंथनाच्या भिंतीवर उजेड सकाळी येतो, हे माझ्या पाच ओळींपैकी एका ओळीत लिहिलेलं होतं. ओवरी रिकामी होती. खांबांमधून कोवळं ऊन आत आलं आणि एकेक चेहरा उजळू लागला. एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव, दोघांच्या हातांत तोच एक नाग. मधे विष्णू, त्याच्याखाली कासव. समुद्राच्या तळाशी रवीपाशी आलेले मासे, सुसरी अक्षरशः चिरफाळलेल्या. त्यांचं आईच्या गोष्टीत नावही नव्हतं.

मी भिंतीसमोर खाली बसले. किती वेळ बसले, ते सांगता येणार नाही. पुढच्या गावी जायचं नव्हतं, त्यामुळे घड्याळ पाहायचं कारणच नव्हतं.

तिथे साडेसात झाले म्हणजे आपल्याकडे सहा. आई उठलेली असणार. मी फोन लावला. तिला चित्र दिसणार नव्हतं, म्हणून मी भिंतीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत चालत, दिसेल ते सांगत गेले. ती ऐकत होती. मग म्हणाली, "अमृत आलं का?"

मी पुन्हा पाहिलं. वर अप्सरा उमटल्या होत्या, पण कलश मला कुठं दिसला नाही. "नाही गं. अजून ओढतायत सगळे."

"ओढू देत," ती म्हणाली. "तू जेवलीस का नीट?"

उरलेल्या दिवसांत मी बांतेय स्रेई पाहिलं. ९६७ सालचं ते लालसर दगडातलं देऊळ लाकडावर कोरल्यासारखं नाजूक आहे. एक दिवस काहीही पाहिलं नाही. नदीकाठच्या बाकावर बसून शहाळं प्यायले. हनोई राहिलं, हालाँग राहिलं, सिंगापूर राहिलं. त्यांच्यासाठी अजून हळहळ वाटते, नाही म्हणणार नाही. पण पाहिलं नाही म्हणून ती गावं कुठं जात नाहीत. आठव्या दिवशी रात्री मी घरी पोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने बहीण गेली. जाताना तिने औषधांचा कागद परत फ्रीजवर लावला. त्यावर ठिकठिकाणी तिच्या अक्षरातल्या टिपा होत्या. दोन-तीन ठिकाणी तर तिने माझी चूक सुधारली होती. माझ्यावाचून घर चालतं, ह्याचं थोडं वाईट वाटलं आणि पुष्कळ बरं वाटलं.

त्या वर्षीच्या धनत्रयोदशीला दिव्यांत तेल मी घातलं आणि गोष्टही मीच सांगितली. देव सांगितले, असुर सांगितले, वासुकी सांगितला, चिरफाळलेले मासेसुद्धा सांगितले. आई डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं, झोप लागली असावी.

"कासव विसरलीस," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग."