पेन्सिलीच्या खुणा

"काय ओ पाव्हणं, आमचे काळे कुठं गेले?"

दिवाणजींचं बोट पडद्यावरच्या यादीवरून खाली सरकत होतं. काशीद झाले, कासार झाले आणि त्यानंतर एकदम किल्लेदार. का-ची नावं संपलीसुद्धा. कासारांच्या खाली काळे असायला हवेत, हे चाळीस वर्षं खतावणी चाळणाऱ्या त्या बोटाला न बघता ठाऊक होतं. मी यादी वर नेली. काळे होते. काटकरांच्या खाली, काशीदांच्या आधी.

"आहेत की हे बघा," मी म्हणालो.

"आहेत. पण घर चुकलंय त्यांचं."

२००९च्या हंगामातली ही गोष्ट. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडतीचं दुकान, आणि मी स्वतंत्रपणे घेतलेलं ते पहिलं काम. काळ्यांचं घर का चुकलं, ते रात्री खोलीवर जाऊन शोधलं. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह-च्या नंतर. युनिकोडमध्ये देवनागरीचा जो तक्ता आहे तो मराठी, हिंदी, नेपाळी, संस्कृत अशा सगळ्यांसाठी मिळून केलेला, आणि त्यात ळ बसवलाय ल-च्या शेजारी, व-च्या आधी. संगणक अक्षर वाचत नाही, अक्षराचा क्रमांक वाचतो. म्हणून त्याच्या लेखी काळे आधी, कासार नंतर. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक नावामागे एक लपवलेला रकाना जोडला, त्यात ळ-ला ह-च्या पुढचा क्रमांक दिला आणि यादी त्या रकान्यावर लावली. तीन तासांचं काम. काळे घरी आले.

खरी अडचण मात्र वेगळीच होती, आणि ती समजायला मला महिना लागला.

मालकांनी मला काम देताना एका कागदावर सगळं लिहून दिलं होतं. आवक, सौदा, वजन, हमाली, तोलाई, अडत, उचल म्हणजे आगाऊ दिलेले पैसे, बाकी, शेतकऱ्याची पट्टी म्हणजे त्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब. मी त्या कागदावरून राजारामपुरीतल्या खोलीत बसून दोन महिन्यांत सॉफ्टवेअर तयार केलं. हिशेब पैशापर्यंत बरोबर येत होता. तीस किलोच्या रव्यांचा, म्हणजे ढेपांचा, माल असो की लहान रव्यांचा, पट्टी क्षणात निघायची. तरी दिवाणजी दिवसभर वही लिहायचे आणि संध्याकाळी तेच सगळं पुन्हा संगणकात भरायचे. दुप्पट काम. मालक म्हणाले, म्हातारा माणूस आहे, सवय जात नाही. मलाही तेच वाटलं. आता त्या वाटण्याची लाज वाटते.

मग एक आठवडा मी काहीच न करता त्यांच्या गादीशेजारी बसून राहिलो. सकाळी सौदे, रवा फोडून बघणारे व्यापारी, काट्यावरची गडबड, दुपारी पट्टी न्यायला आलेले शेतकरी. तिसऱ्या दिवशी माझं लक्ष वहीच्या डाव्या समासाकडे गेलं. रकाने सगळे शाईने भरलेले. समासात मात्र पेन्सिलीच्या बारीक खुणा.

विचारल्यावर त्यांनी एकेक सांगितली. नावापुढे टिंब म्हणजे या शेतकऱ्याचे पैसे दुकानातच ठेवायचेत. पोरीचं लग्न आहे, लागतील तसे नेईल. टिंबाभोवती गोल म्हणजे पट्टी त्याच्याच हातात द्यायची, भाऊ आला तरी द्यायची नाही. आडवी रेघ म्हणजे मागच्या खेपेला वजनावरून शब्दाला शब्द झाला होता, या वेळी काट्याजवळ त्याला स्वतः उभं करायचं. आणि फुली म्हणजे घरात माती झालीय. महिनाभर उचलीचा विषय काढायचा नाही.

"पेन्सिलीनं का?" मी विचारलं.

"पुसाय लागती न्हवं खूण. लग्न झालं की टिंब पुसायचं. हिशेब शाईचा, खूण पेन्सिलीची."

इतकं नेमकं सूत्र मी कुठल्या अभ्यासक्रमात शिकलो नव्हतो. पैशाची नोंद कधीही पुसायची नाही. चुकली तर उलटी नोंद टाकून दुरुस्त करायची, म्हणजे चूक आणि दुरुस्ती दोन्ही दिसत राहतात. माणसाविषयीची नोंद मात्र पुसता आली पाहिजे, कारण माणसाची वेळ बदलते. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये शाई होती, पेन्सिल नव्हती. दुकान चालत होतं त्या समासावर आणि मालकांच्या कागदावर समासाचा उल्लेखही नव्हता, कारण मालकांनी तो कधी वाचलाच नव्हता.

मी नवा रकाना केला आणि त्याला नावही 'समास' असंच दिलं. हवं ते लिहा, हवं तेव्हा पुसा. पट्टीवर तो छापला जाणार नाही, कुठल्या अहवालात येणार नाही. फक्त शेतकऱ्याचं खातं उघडलं की वरच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत दिसेल. पंधरा दिवसांत दुकानातला क्रम उलटला. दिवाणजी आधी संगणकात भरू लागले आणि वही संध्याकाळी लिहू लागले. वही बंद झाली नाही. मी तसा आग्रहही धरला नाही.

त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट कळली ती नावांची. एका गावात सात पाटील, त्यातल्या दोघांचं नाव एक आणि वडिलांचंही एक. मी प्रत्येकाला सहा आकडी क्रमांक दिला होता. तो ना शेतकऱ्याच्या लक्षात राहायचा ना दिवाणजींच्या. वहीत मात्र लिहिलेलं असायचं 'विहिरीवरचा', 'वाड्यातला', 'बुलेटवाला'. मग 'ओळख' असा रकाना केला आणि शोध त्यावरूनही लागेल अशी सोय केली. 'विहीर' एवढं टाइप केलं की माणूस समोर.

आणि ऱ्ह. गुळाच्या धंद्यात गुऱ्हाळ हा शब्द दिवसातून शंभरदा येतो. गोऱ्हे, कऱ्हाडकर ही आडनावंही आहेतच. हा कोयत्यासारखा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. नुक्त्याचा वेगळा ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका कीबोर्डवरून लिहिलेला कऱ्हाडकर दुसऱ्या कीबोर्डवरून शोधला की सापडत नाही, आणि मग लोक त्याच माणसाचं दुसरं खातं उघडतात, उचल एका खात्यावर आणि पट्टी दुसऱ्या. मराठीत नावं ठेवणारं सॉफ्टवेअर कोणी करून देत असेल तर त्याच्यासमोर हा शब्द दोन कीबोर्डांवरून शोधून बघा. साठवण्याआधी दोन्ही रूपं एक करून घेणं हे चार ओळींचं काम आहे, पण ते कोणीतरी करावं लागतं.

नंतरच्या वर्षांत मी फाउंड्रीसाठी, दूध संकलन केंद्रासाठी, सुट्या भागांच्या दुकानांसाठी कामं केली. पद्धत तीच ठेवली. आधी एक आठवडा शेजारी बसायचं. त्या आठवड्यानंतर कित्येकदा मी सांगून येतो की तुम्हाला वेगळं सॉफ्टवेअर नको. टॅलीत सगळं बसतंय, किंवा एक्सेलची एक नीट केलेली फाइल पुरेल. ज्या धंद्यात सगळ्या दुकानांची रीत एकच आहे तिथे तयार कपडा घ्यावा. जिथे तुमची रीत वेगळी आहे आणि ती वेगळी असण्यावरच तुमचा धंदा उभा आहे, तिथेच शिवून घेण्याचा खर्च करावा.

एक्सेलवर चालणाऱ्यांसाठी मात्र दोन-तीन गोष्टी कळकळीने सांगतो, कारण त्यापायी झालेलं नुकसान मी जवळून पाहिलंय. बँक खात्याचा क्रमांक एक्सेल संख्या म्हणून धरतं आणि संख्येचे पंधराच आकडे नीट ठेवतं. सोळा आकडी क्रमांक टाकलात तर शेवटचा आकडा शून्य होऊन बसतो. सुरुवातीचं शून्य तर उडूनच जातं. रकाना आधी 'टेक्स्ट' करायचा आणि मग भरायचा. भरून झाल्यावर केलात तर गेलेला आकडा परत येत नाही. तारखेचंही तसंच. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर तुमची ५/४ म्हणजे ५ एप्रिल, तो ४ मे धरतो, आणि चूक सालअखेरीपर्यंत कळत नाही. आयएफएससी कोडातलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, इंग्रजी ओ कधीच नसतो. जीएसटी क्रमांकाचं पंधरावं अक्षर आधीच्या चौदांवरून हिशेबाने काढलेलं असतं, त्यामुळे त्यातली टायपिंगची चूक जागच्या जागी पकडता येते. आणि फाइल अजून जुन्या एक्सएलएस रूपात असेल तर त्यात ६५,५३६च ओळी मावतात. २०२०च्या शरदात इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेतून कोविडच्या जवळजवळ सोळा हजार रुग्णांच्या नोंदी अहवालात यायच्या राहिल्या, त्या याच मर्यादेपायी. एवढ्या मोठ्या यंत्रणेची ही गत, तर आपण जपलेलं बरं.

जपण्याचा धडा मला त्याआधीच, २०१९च्या ऑगस्टमध्ये मिळाला होता. पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, महामार्ग बंद पडला. शाहूपुरीतल्या एका सुट्या भागांच्या दुकानाचं सॉफ्टवेअर माझं होतं. बॅकअप रोज व्हायचा, मी स्वतः लावून दिला होता. पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात असायचा. संगणक टेबलावर, बॅकअप त्याच टेबलाच्या खणात, आणि पाणी टेबलाच्या वर दोन फूट. पाणी ओसरल्यावर खण ओढला तेव्हा तो निम्मा गाळाने भरलेला होता. पेनड्राइव्ह धुतला, वाळवला, लावून पाहिला. चालला नाही. सगळी येणी गिऱ्हाइकांकडच्या बिलांवरून पुन्हा उभी करावी लागली. गिऱ्हाइकं भली, म्हणून बहुतेक उभी राहिली. बॅकअप कुठे ठेवता, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. ती माझी चूक होती, त्यांची नाही.

त्याच आठवड्यात मला दिवाणजींची आठवण झाली. ते रोज दुकान बंद करताना पेनड्राइव्ह कोपरीच्या खिशात घालून घरी न्यायचे. कोणी सांगितलं नव्हतं. पूर्वी कच्ची वही न्यायचे, तसाच हा. बॅकअपच्या शास्त्रात नियमच आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. ते तिसरं कलम खिशात घेऊन तो माणूस वर्षानुवर्षं चालत घरी जात होता. आता मी काम सोपवताना आणखी एक करतो. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून मागच्या आठवड्यातलं एक बिल शोधायला लावतो. एका ठिकाणी आठ महिने रोज रिकामी फाइल साठत होती, ते अशा शोधातच कळलं.

कराराचंही थोडक्यात सांगतो. करार करताना तुमची सगळी माहिती साध्या फाइलमध्ये, मागाल तेव्हा, बाहेर काढून मिळेल असं लिहून घ्या. मुख्य पासवर्ड बंद लिफाफ्यात तुमच्या तिजोरीत असू द्या. करणारा माणूस उद्या गाव सोडेल, आजारी पडेल. त्याच्याबरोबर तुमची खतावणी जाता कामा नये. हे मी माझ्या गिऱ्हाइकांनाही माझ्याबद्दल सांगतो.

दिवाणजी आता दुकानात येत नाहीत. त्यांच्या जागी आलेला मुलगा बीकॉम आहे, वही लिहीत नाही. गेल्या वर्षी नवी आवृत्ती दाखवायला गेलो. चकचकीत आलेख होते, मोबाइलवर चालणारी पट्टी होती. त्याने सगळं शांतपणे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सर, समास कुठाय?"

तेव्हा एक विनंती. सॉफ्टवेअर करून घ्यायला निघाला असाल तर पहिल्या बैठकीला मालकांनी एकट्याने येऊ नये. वही आणा, आणि ती जो लिहितो त्यालाही बरोबर आणा.